वजनकाटा आणि जिम्नॅस्ट: कमी खाल्ल्यावर खेळ आधी का सुधारतो आणि मग का कोसळतो

वजन उतरवलेल्या जिम्नॅस्टचा खेळ पहिले काही आठवडे बऱ्याचदा खरोखर सुधारतो. हे आधी मान्य करावं लागतं, नाहीतर पुढचं काहीच उलगडत नाही. मुलगी कमी खायला लागते, एक-दोन किलो उतरतात, बारवर अंग वर खेचणं सोपं वाटतं, फ्लोअरवरची दुहेरी कोलांटी पटकन फिरते. प्रशिक्षक खूश, आईवडील खूश. मुलीच्या डोक्यात हिशेब पक्का बसतो: कमी खाल्लं की खेळ वाढतो. हा हिशेब काही आठवडेच खरा असतो. डोक्यातून तो काढायला मात्र वर्षं जातात.

सुरुवातीची सुधारणा येते कुठून? जिम्नॅस्टला दुसरं कुठलंच ओझं उचलायचं नसतं, स्वतःचंच शरीर उचलायचं, फेकायचं आणि झेलायचं असतं. स्नायूंची ताकद तेवढीच राहिली आणि वजन थोडं घटलं, तर दर किलोमागे ताकद वाढते. पण पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बहुतेक चरबीचं नसतंच. स्नायू आणि यकृत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. जेवण तोडलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. म्हणजे काट्यावर दिसणारा पहिला 'विजय' हा रिकाम्या होत चाललेल्या टाकीचा असतो.

हवेत फिरण्याचं गणित आणखी वेगळं आहे. शरीर किती सहज फिरेल हे वजनावर अवलंबून असतं, पण वजनाचा प्रत्येक भाग अक्षापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर त्याहून जास्त अवलंबून असतं. म्हणून आखूड हातापायांचा फायदा मोठा आणि किलोभर वजन उतरल्याचा फायदा छोटा. उंची उपाशी राहून कमी होत नाही. वाढत्या वयात उपाशी राहिलं तर वाढ खुंटते, आणि काही दशकं या खेळाने नेमक्या त्याच गोष्टीचा फायदा उठवला, हे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

बारीक, बालसदृश शरीर ही जिम्नॅस्टिक्सची मूळ गरज नव्हती. हंगेरीच्या आग्नेस केलेती यांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली तेव्हा त्या 35 वर्षांच्या होत्या. सोव्हिएत संघाची लारिसा लाटिनिना 1964 मध्ये 29 वर्षांची होती, तर चेकोस्लोव्हाकियाची वेरा चास्लाव्स्का 1968 मध्ये 26 वर्षांची. मग 1976 ला माँट्रिअलमध्ये रोमानियाच्या 14 वर्षांच्या नादिया कोमानेचने परिपूर्ण 10 मिळवले आणि जगभरच्या जिमना साचा मिळाला. ज्येष्ठ स्पर्धांसाठीची किमान वयाची अट 1981 मध्ये 15 आणि 1997 मध्ये 16 झाली. पण 16 वर्षांच्या मुलीला 12 वर्षांची दिसायला लावता येतं, हे कुठल्याही वयाच्या अटीने थांबत नाही.

शरीर खर्च कुठे कापतं

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ज्याला 'ऊर्जा उपलब्धता' म्हणतात ती कल्पना एकदा कळली की सगळं प्रकरण सोपं होतं. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून सरावात खर्च झालेल्या कॅलरी वजा करा. उरलं ते हृदय, मेंदू, हाडं, पाळी, वाढ, जखमा भरणं या सगळ्यासाठी. या उरलेल्या आकड्याला चरबी सोडून बाकी शरीराच्या वजनाने भागायचं. प्रौढ स्त्रीमध्ये दर किलोमागे रोज 45 कॅलरी उरल्या तर शरीराचं व्यवस्थित चालतं. 30 च्या खाली गेलं की कपात सुरू होते, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. ही लक्ष्मणरेषा नव्हे. काहींचं 35 लाच बिघडतं, आणि वाढत्या मुलींना 45 हीसुद्धा किमान पातळीच समजावी.

उदाहरण घेऊ. 40 किलोची 14 वर्षांची मुलगी, त्यात चरबी 15 टक्के, म्हणजे बाकी शरीर 34 किलो. चार तासांच्या सरावात तिचे ढोबळमानाने 500 कॅलरी खर्च होतात. 34 ला 45 ने गुणलं तर 1530, त्यात सरावाचे 500 मिळवले की 2030. ती 1500 खात असेल तर? 1500 मधून 500 गेले, उरले 1000, भागिले 34, म्हणजे 29 च्या थोडं वर. घरात कुणालाही वाटेल की मुलगी व्यवस्थित जेवतेय. उपास नाही, उलटी नाही, रडारड नाही. तरी ती धोक्याच्या रेषेखाली आहे. कमी पडलेल्या 530 कॅलरी म्हणजे एक पेला म्हशीचं दूध, एक केळं, शेंगदाणा-गुळाचा एक लाडू आणि तूप लावलेली एक पोळी, एवढंच. (हे गणित पालकांना कळावं म्हणून दिलंय. मुलीच्या मोबाइलवर कॅलरी मोजणारं ॲप टाकून देऊ नका. ज्या मुलीला खाण्याचा आजार जडू शकतो तिच्या हातात ते ॲप चाबूक बनतं.)

म्हणूनच तज्ज्ञ दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. एक, न कळत पडलेली ऊर्जेची तूट: शाळा, प्रवास आणि सराव यांत खायला वेळच मिळत नाही, सरावानंतर भूक मरते, भाजी-कोशिंबिरीने पोट लवकर भरतं. दोन, खाण्याचा मानसिक आजार: खाण्याची भीती, आरशातलं शरीर चुकीचं दिसणं, खाल्लेलं 'भरून काढण्यासाठी' शिक्षा म्हणून व्यायाम. पहिलीवर उपाय डबा आणि वेळापत्रक. दुसरीवर नुसता डबा देऊन भागत नाही. पण पहिलीतून दुसरी जन्मू शकते, कारण अर्धपोटी मेंदू खाण्याचाच विचार करत राहतो आणि दिवसेंदिवस हट्टी होत जातो.

शरीर कपात कशी करतं तेही पाहू. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने संप्रेरकाचे छोटे झोत सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते, तिच्यावर बीजकोश आणि बीजकोशांवर इस्ट्रोजेन. ऊर्जा कमी पडली की हे झोत विरळ होतात. पाळी लांबते, मग थांबते, किंवा 15 वर्षं पूर्ण झाली तरी सुरूच होत नाही. जिमच्या वर्तुळात 'आमच्या मुलींची पाळी उशिराच येते' हे वाक्य इतकं रुळलंय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. पाळी थांबणं हा चांगल्या सरावाचा पुरावा नाही. शरीराने मुलांना जन्म देण्याचं खातं बंद केल्याची ती पावती आहे, आणि त्याच्या शेजारचं हाडांचं खातंही तेव्हाच बंद व्हायला लागतं.

पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देणं ही इथली नेहमीची चूक. गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळ्या थांबवल्यामुळे होतो. हायपोथॅलॅमस तसाच झोपलेला असतो, हाडांना त्यातून भरवशाचं संरक्षण मिळत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. आईला वाटतं, आता ठीक आहे.

हाडांबाबत जिम्नॅस्ट डॉक्टरांनाही फसवतात. आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यापैकी 90 टक्क्यांच्या आसपास साठा विशीच्या आतच तयार होतो. उड्या आणि लँडिंगमुळे जिम्नॅस्टची हाडं समवयस्क मुलींपेक्षा दणकट असतात. त्यामुळे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत 'नॉर्मल' आलं तरी तिच्यासाठी ते कमी असू शकतं. असा खेळ खेळणाऱ्यांमध्ये झेड-स्कोअर (समवयस्कांच्या सरासरीपासून घनता किती दूर आहे तो आकडा) उणे 1 च्या खाली गेला की पुढची चौकशी करावी, असं क्रीडावैद्यक सांगतं. इतरांमध्ये उणे 2 पर्यंत थांबतात. अवघड उडीनंतर जमिनीवर उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या दहापटीच्या आसपास बळ येतं, ते दिवसातून कित्येकदा. हाडाची रोजची डागडुजी बंद पडली की नडगी, पाऊल आणि कंबरेच्या मणक्यात बारीक तडे जातात. वर्षभरात दुसरा स्ट्रेस फ्रॅक्चर झाला तर एक्स-रेबरोबर जेवण आणि पाळीचीही चौकशी झालीच पाहिजे.

याच टप्प्यावर खेळ घसरायला लागतो. स्नायू झिजतात, फ्लोअरच्या शेवटच्या फेरीत पाय उरत नाहीत, हाताचे फाटलेले घट्टे भरत नाहीत, सर्दी जात नाही. बीम 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. त्यावर अर्धपोटी मेंदूने मागे उलटी कोलांटी मारायची असते. खेळ घसरला की मुलगी काय करते? पूर्वी ज्याने खेळ वाढला होता तेच: आणखी कमी खाते. सापळा बंद होतो तो इथे.

1992 साली अमेरिकेत या त्रयीला, म्हणजे बिघडलेलं खाणं, बंद पाळी आणि ठिसूळ हाडं, एकत्र नाव दिलं गेलं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 'रेड-एस' (खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट) ही व्यापक संकल्पना मांडली आणि 2023 मध्ये ती सुधारली. तिच्यात हृदय, पचन, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती सगळं आलं आणि मुलगेही आले. पुरुष जिम्नॅस्टना पाळीसारखी घंटा नसते. टेस्टोस्टेरॉन घटतं, सकाळी लिंगाला येणारी ताठरता जाते, चिडचिड वाढते, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

आजाराचे चेहरे

ॲनोरेक्सियात खाणं कमी करत नेणं आणि वजन वाढण्याची जबर भीती असते. बुलिमियात मध्येच ताबा सुटून खूप खाल्लं जातं आणि मग ते उलटवून किंवा अतिव्यायामाने 'पुसण्याचा' प्रयत्न होतो. बुलिमियाची मुलगी बारीक दिसेलच असं नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं लपतो. खुणा शोधायच्या तर वजनात नव्हे, इतरत्र शोधाव्यात: दातांचं झिजलेलं इनॅमल, कानाखाली सुजलेल्या लाळग्रंथी, बोटांच्या सांध्यांवर वारंवार उठणारे ओरखडे, जेवण झाल्या झाल्या बाथरूम. सतत उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडते. अचानक मृत्यू होतो तो अशा वेळी, आणि आदल्या दिवशी मुलगी सरावाला आलेली असू शकते.

तिसरा एक प्रकार कागदावर कमी येतो, जिममध्ये जास्त दिसतो. मुलगी बरंच वजन घालवते, पण आधीची दणकट असल्याने आकडा 'नॉर्मल'च दिसतो. नाडी, पाळी, रक्तदाब सगळं ॲनोरेक्सियासारखं, फक्त हाडं बाहेर दिसत नाहीत. तिला कुणी आजारी म्हणत नाही, उलट शाबासकी मिळते.

हे किती जणींना होतं? नॉर्वेमध्ये देशातल्या सगळ्या एलिट खेळाडूंना घेऊन केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खाण्याच्या आजाराचं प्रमाण स्त्री खेळाडूंमध्ये 20 टक्के, खेळाडू नसलेल्या मुली-स्त्रियांमध्ये 9 टक्के, आणि दिसण्यावरही गुण मिळतात अशा खेळांतल्या स्त्रियांमध्ये 42 टक्के निघालं. हा शेवटचा आकडा एकट्या जिम्नॅस्टिक्सचा नाही, त्या जातीच्या सगळ्या खेळांचा मिळून आहे.

क्रिस्टी हेनरिच

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावची ही मुलगी. सराव इतका जिद्दीने करायची की जिममध्ये तिचं नाव 'एक्स्ट्रा टफ' पडलं. 1988 च्या ऑलिंपिक संघातली जागा तिने 0.118 गुणांनी गमावली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या एका स्पर्धेत एका अमेरिकी पंचाने तिला संघात यायचं तर वजन उतरवावं लागेल असं सुनावल्याचं तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. 1989 च्या जागतिक स्पर्धेत ती अनइव्हन बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) चौथी आली, म्हणजे कमी खाण्याचा 'हिशेब' अजून जमत होता. मग अंगात त्राण राहिलं नाही आणि तिला खेळ सोडावा लागला. ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया दोन्ही होते. अनेकदा रुग्णालयात राहिली, उपचार झाले. 26 जुलै 1994 रोजी, बाविसावा वाढदिवस होऊन आठच दिवस झाले असताना, अनेक अवयव निकामी होऊन ती गेली.

तिचं शेवटचं वजन इंटरनेटवर पहिल्याच ओळीत सापडतं. इथे ते मुद्दाम दिलेलं नाही. या आजारात असे आकडे कुणाला घाबरवत नाहीत, कुणाचं तरी ध्येय बनतात.

एका वाक्याने कुणाला ॲनोरेक्सिया होत नाही. आनुवंशिक कल असतो, परिपूर्णतेचा ध्यास असतो, चिंता असते. पण एलिट जिम्नॅस्टमध्ये निवडले जाणारे गुण नेमके हेच: दुखलं तरी न थांबणं, सांगितलेलं तंतोतंत पाळणं, स्वतःच्या चुका सतत शोधणं. जिममध्ये वजनाबद्दल टाकलेला शब्द म्हणून रस्त्यावरच्या टोमण्यापेक्षा कितीतरी खोल जातो.

काटा कुणाच्या हातात

2022 च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या छळाबद्दल वकील ॲन व्हाइट यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल आला. 2008 ते 2020 या काळाबद्दल 400 हून जास्त निवेदनं आली होती. त्यात वजनाचं प्रकरण फार ठळक आहे: वारंवार, सगळ्यांसमोर वजन करणं, आकडा वाढला तर अपमान किंवा शिक्षा, खाऊ लपवलाय का म्हणून सामानाची झडती. अहवालातला मुद्दा साधा आहे. एवढ्या वारंवार वजन करण्यामागे खेळाचं शास्त्र नव्हतंच, ताबा होता. नंतर ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सने नियम बदलले: प्रशिक्षकांनी खेळाडूंचं वजन करायचं नाही, 10 वर्षांखालच्या मुलांचं तर नाहीच. त्यापुढच्यांचं करायचं असेल तर ठोस कारण हवं, खेळाडूची आणि पालकांची संमती हवी आणि ते काम पात्र वैद्यकीय किंवा क्रीडाशास्त्राच्या माणसानेच करावं.

इटलीत 2022 च्या अखेरीस निना कोराडिनी आणि अ‍ॅना बास्ता या माजी रिदमिक जिम्नॅस्टनी (रिबन, चेंडू, हूप घेऊन संगीतावर करायचा प्रकार) रोजच्या वजनाची आणि त्यातल्या अपमानाची कहाणी जाहीरपणे सांगितली. रिदमिकमध्ये सडपातळपणाचा आग्रह आर्टिस्टिकपेक्षाही (बार, बीम, फ्लोअरच्या प्रकारापेक्षाही) कडक आहे, कारण तिथे ताकदीच्या उड्या कमी आणि लांब रेषा जास्त. अमेरिकेत टेक्सासमधल्या राष्ट्रीय शिबिरांत जेवण इतकं तुटपुंजं आणि नजरेखालचं असे, की संघाचा डॉक्टर लॅरी नासर मुलींना चोरून खाऊ देऊन त्यांचा विश्वास मिळवत असे, असं अनेकींनी सांगितलंय. 2018 च्या जानेवारीत लैंगिक अत्याचारांसाठी त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. भुकेवर पहारा बसवला की जो गुपचूप खायला देईल तो मुलीला आपला वाटतो. खाण्यावरचा ताबा आणि बाकीचे अत्याचार एकाच ठिकाणी सापडतात, ते योगायोगाने नव्हे.

मग प्रशिक्षकाने मुलीचं वजन अजिबात बघू नये का? वाढीवर लक्ष ठेवावं लागतंच, पण ते काम डॉक्टरचं. प्रशिक्षकाला जे हवं ते काट्याशिवाय मोजता येतं: उभी उडी किती सेंटिमीटर, 20 मीटरची धाव किती सेकंदात, सलग किती पुल-अप, शेवटच्या फेरीत उडीची उंची किती घटते. आणि बोलायचं ते कौशल्याबद्दल. 'पोट सुटलंय' म्हणून उडी सुधारत नाही. 'राउंड-ऑफनंतर पाय लवकर वाकतायत, ढकल कमी मिळतेय' म्हटलं तर काय करायचं ते मुलीला कळतं.

'पण वजन वाढलं तर खेळ संपतो ना?' याचं उत्तर पॅरिस ऑलिंपिकने 2024 मध्ये दिलं. अमेरिकेची 27 वर्षांची, दणकट मांड्यांची सिमोन बाइल्स सर्वसाधारण विजेती ठरली. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनाने 1992 पासून टोकियोपर्यंत आठ ऑलिंपिक खेळली, ती पूर्ण वाढलेल्या शरीराने, मुलाला जन्म देऊन झाल्यावरही. आज अवघडपणाचे गुण वेगळे आणि वरच्या मर्यादेशिवाय मिळतात, म्हणून ताकदीला भाव आहे. नुसत्या हलकेपणावर आता वरची पदकं येत नाहीत. मैदानात हे कळलंय. सगळ्या जिममध्ये अजून पोचलेलं नाही.

घरी आणि जिममध्ये काय दिसतं

पाठ्यपुस्तकातली लक्षणं उशिरा दिसतात. आधी दिसतं ते असं: मे महिन्याच्या उकाड्यात सराव संपल्या संपल्या स्वेटशर्ट चढवणं. बोटांची टोकं निळसर, गार. डबा परत येतो पण मुलगी 'मैत्रिणींना दिला' म्हणते. स्वतः केक करून सगळ्यांना वाढते आणि बघत बसते. पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ताटात फिरवते. सुट्टीच्या दिवशीही खोलीत सिट-अप काढते, नाही काढता आले तर रडते. पंधरवड्यापूर्वी आवडणारा पदार्थ अचानक 'नको, जड वाटतो'. नाडी मोजता आली तर मोजा. प्रशिक्षित खेळाडूची नाडी मंद असते हे खरं, पण वाढत्या मुलीची जागेपणी 50 च्या खाली असेल तर 'फिटनेस' म्हणून सोडू नका, ईसीजी काढा.

आपल्याकडे ठाण्या-पुण्या-मुंबईत आर्टिस्टिक आणि रिदमिक करणाऱ्या मुली आहेत, अमेरिका-ब्रिटनमधल्या मराठी घरांतल्या मुलीही क्लबांत जातात. आपल्या घरांत या आजाराला दोन सोयीस्कर पडदे मिळतात. एक उपास: मुलगी एकाएकी सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरायला लागली तर आजीला कौतुक वाटतं. श्रद्धा आहे की सबब हे ओळखायची सोपी परीक्षा: उपासाच्या दिवशी ती साबुदाण्याची खिचडी, दूध, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू पोटभर खाते का? की 'नुसतं पाणी चालतं मला'? दुसरा पडदा 'हेल्दी'. आधी साखर, मग तेल, मग भात, मग पोळी अशी एकेक गोष्ट गळत जाते आणि प्रत्येक वेळी कारण शहाणपणाचंच असतं.

डॉक्टर पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात: मुद्दाम उलटी करतेस का, खाण्यावरचा ताबा गेल्याची भीती वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त उतरलेत का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतेस का, खाण्याचा विचार आयुष्य व्यापतो का. दोन 'हो' आले तर पुढची तपासणी. मात्र तिसरा प्रश्न प्रौढांसाठी आहे. 38 किलोच्या मुलीत सहा किलोंची वाट बघायची नसते. वाढीच्या वयात सहा महिने वजन वाढलंच नाही, हेसुद्धा वजन उतरणंच समजावं.

मुलीशी बोलायचं ते जेवणाच्या ताटावर नको, आणि शरीराबद्दल तर नकोच. 'किती वाळलीस गं' हे काळजीने म्हटलं तरी तिला बक्षीस वाटतं. दिसलेली गोष्ट सांगा: 'गेले दोन आठवडे डबा तसाच येतोय, काल जिना चढताना तुला गरगरलं, उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ.' ती नाही म्हणेल, चिडेल, शपथा घेईल. तरी जायचं. पहिल्या भेटीत आडवं झोपून आणि मग उभं राहून नाडी-रक्तदाब, ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी आणि बी-12, थायरॉइड, पाळीचा इतिहास आणि लहानपणापासूनचा वाढीचा तक्ता, एवढं तरी व्हावं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं नव्हे. रक्ताचे आकडे शरीर शेवटपर्यंत सांभाळून ठेवतं.

उपचार आणि परत येणं

चक्कर, छातीत धडधड, खूप मंद नाडी, उभं राहताच नाडी उसळणं, अंग गार पडणं किंवा खाणंपिणं पूर्ण थांबणं, यांतलं काही असेल तर थेट रुग्णालय. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरी एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. अन्न आत आलं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं आणि हृदय अडचणीत येतं. म्हणून तिथे पहिल्या आठवड्यात रक्ततपासण्या करत करत आहार वाढवतात.

तितकी गंभीर नसेल तर किशोरवयीन मुलींसाठी सगळ्यात चांगला पुरावा कुटुंबाधारित उपचारांमागे आहे. त्यात आधी आईवडील काही महिने खाण्याचे सगळे निर्णय हातात घेतात: काय, किती, कधी. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, प्रत्येक वेळी कुणीतरी सोबत बसलेलं. मुलीने फक्त खायचं, वाद घालायचा नाही, आणि आईबाबांनीही घालायचा नाही. मग हळूहळू निर्णय तिच्याकडे परत. तिसऱ्या टप्प्यात वयाचे बाकीचे प्रश्न. सहा महिने ते वर्षभर, वीसेक बैठका. 'खायला काय झालं हिला, लाड आहेत नुसते' म्हणणारे नातेवाईक या काळात जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवलेले बरे.

ऊर्जेची तूट हाच प्रश्न असेल तर वेळापत्रक निम्मं काम करतं. शाळेच्या आधी दूध आणि काहीतरी, मधल्या सुट्टीत भरलेला डबा, सरावाच्या दोन-अडीच तास आधी पूर्ण जेवण, सराव चार तासांचा असेल तर मध्ये केळं किंवा चिक्की, संपल्यावर तासाभराच्या आत दूध-पोहे किंवा अंडं-पोळी, मग रात्रीचं जेवण. दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नको. जिम्नॅस्ट आणि धावपटूंवरचा 2000 सालचा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो: ज्या खेळाडूंच्या दिवसात तुटीचे तास जास्त होते, त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त निघालं. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवणाऱ्या मुलीला हे सांगून बघा. कॅल्शियम रोज 1000 ते 1300 मिलिग्रॅम लागतं. दूध, ताक, नाचणी, तीळ यांतून बरंचसं येतं. शाकाहारी मुलीत लोह आणि बी-12 वेगळे तपासायचे.

सराव पूर्ण बंद करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांची पद्धत सिग्नलच्या दिव्यांसारखी आहे: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे सराव आणि स्पर्धा दोन्ही बंद. मधल्या रंगांत देखरेखीखाली, कमी भाराने. इथे लेखी करार उपयोगी पडतो: आठवड्याला वजन इतकं वाढलं, खाणी चुकली नाहीत, तर इतके तास सराव. वजन डॉक्टर करेल, प्रशिक्षकाला फक्त 'आज सराव आहे' किंवा 'नाही' एवढंच कळेल. प्रशिक्षकाला हे मान्य नसेल तर जिम बदला.

परतीचा क्रम हाडांच्या हिशेबाने असतो. आधी ताण, ताकद, हँडस्टँड आणि बारवरची मूलभूत कामं, मग फोमने भरलेल्या मऊ खड्ड्यात उतरणाऱ्या उड्या, मग मॅटवर, आणि कडक लँडिंग सगळ्यांत शेवटी. पाळी परत यायला काही महिने ते वर्षाहून जास्त लागू शकतात. हाडांना त्याहून जास्त, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

वजन आणि उंची वाढल्यावर जुन्या उड्यांचं टायमिंग चुकतं. बारवर पाय खालच्या दांडीला लागायला लागतात, हवेत कधी उघडायचं ते कळेनासं होतं. नेमक्या या आठवड्यांत मुलगी म्हणते, 'बघ, जाड झाले म्हणून जमत नाही.' प्रशिक्षकाने तिला आधीच सांगून ठेवलेलं असावं, की बार्समधलं अंतर वाढवता येतं, उड्या खड्ड्यात पुन्हा शिकता येतात, आणि नवीन शरीराचं टायमिंग बसायला साधारण एक मोसम जातो. त्या मोसमात तिला स्पर्धेला उतरवू नये.

भारतात कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. बेशुद्धी किंवा छातीत धडधड असेल तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि तिथल्या डॉक्टरांना आधी 'ही कित्येक दिवस नीट जेवलेली नाही' एवढं सांगा, म्हणजे सलाइनमधून साखर देण्याआधी ते पोटॅशियम आणि फॉस्फेट बघतील.